आगाऊ क्षमा

दांडिया बाजारातले शांतवनराव असे तापट, की नाकावर पापड भाजून निघावा. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, रोज बायबल वाचून त्यातलं काय पाळलं ते वहीत लिहा. यांनी सकाळीच लिहिलं, "याकोबाला क्षमा केली." याकोब धाकटा भाऊ, नाताळात पेटी कोणी वाजवायची, यावरून अबोला.

त्यांच्या पत्नी मार्थाबाई म्हणाल्या, "अहो, दात घासायचेत अजून. क्षमा कधी केलीत?"

"करणारच आहे."

"म्हणजे देवालाही थाप."

खोडायला उचललेलं पेन ठेवून शांतवनरावांनी चपला चढवल्या आणि लहरीपुऱ्यात याकोबाचं दार वाजवलं.

"तुला क्षमा करायला आलोय."

"भांडण तुम्ही काढलंत, दादा."

शांतवनराव उंबऱ्यावर बसले. "मग तू कर. तोवर मी हलत नाही."