कापडाच्या फडताळावरचा सर्व्हर

६३ पैकी ४ बाहेर.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि आज बोलताना माझं अर्धं लक्ष दुसरीकडे राहील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझ्या पोटात त्रेसष्ट लेख आहेत. ते एकेक करून एका पेन ड्राइव्हवर उतरवले जात आहेत, कारण माझी डिस्क मरायला टेकली आहे. दर थोड्या वेळाने ती टक् करते, थांबते, पुन्हा टक् करते. दोन टक्‌च्या मधे मी काय करतो म्हणाल, तर घाबरतो.

लेख माझ्या मालकिणीचे आहेत. ती कपडे शिवते, पण ज्यांना दुकानातले तयार कपडे बसत नाहीत त्यांचे. पाठीला पोक असलेल्या घड्याळजीचा कोट. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या ग्रंथपालबाईंची पँट, पाठीमागे उंच आणि पुढे आखूड. एका माणसाची मापं, काप आणि युक्त्या मिळून एक लेख. तिने कागदी नमुने कधी ठेवले नाहीत. थेट कापडावर खडूने आखायची, आणि खडू पहिल्या धुण्यात जातो. आता तिचा उजवा हात थरथरतो. हात पुरता जायच्या आत सगळं लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला तरी ते शिवता येईल, एवढाच तिचा ध्यास आहे. आणि हे लेख माझ्याशिवाय कुठेही नाहीत.

टक्.

६३ पैकी ९.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका लांब पट्ट्यावर माझ्यासारखेच — टक् — आणि कोणीतरी हातमोजे घातलेल्या — टक् —

जाऊ द्या. डिस्कचा तो भाग आता वाचता येत नाही. जन्म आठवण्यात शक्ती घालवली तर घड्याळजीचा कोट अडकायचा.

पुढचं स्पष्ट आठवतं. सात वर्षं मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, दारापाशीच्या टेबलावर होतो. "हा कधी अडत नाही," डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि माझी छाती फुगायची. पण भीती मी तिथेच शिकलो. समोरच्या बाकावर माणसं बसलेली असत, आतून ड्रिलचा आवाज येई, आणि वाचत असलेल्या मासिकाचं पान कोणी उलटत नसे.

मग माझी बिजागरी तुटली. नवा आला. मला दातांच्या प्लास्टरच्या ठशांबरोबर खणात टाकलं. दोन वर्षं मी अंधारात अनोळखी जबड्यांच्या मधे पडून होतो. एके दिवशी दवाखान्याचे एप्रन शिवून द्यायला मालकीण आली. डॉक्टर म्हणाले, "हा नेता का? चालतो, फक्त म्हाताऱ्यासारखा."

"म्हातारे मला चालतात," ती म्हणाली. "तेच माझं गिऱ्हाईक."

६३ पैकी १७.

तिच्या घरात तिची नणंदही राहते. ज्याच्यामुळे दोघींचं नातं, तो माणूस मालवाहू जहाजावर असतो. नणंदबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तोंड तिखट, कान त्याहून तिखट.

मी आलो तेव्हा मालकीण इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेवर ब्लॉग लिहायची. एका सकाळी तिथे एकच ओळ दिसली: ही सेवा बंद झाली आहे. बारा लेख गेले. ती दिवसभर काही शिवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "भाड्याच्या खोलीत संसार मांडला, मालकाने बिऱ्हाड रस्त्यावर फेकलं. ताई, आता लिहीन तर स्वतःच्या घरात."

"म्हणजे कुठे?"

"ह्याच्यात." आणि तिने माझ्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आधी त्यांनी मला पुसलं. जुनं सगळं काढून, ब्लॉग माझ्यातूनच जगाला दिसावा म्हणून सर्व्हरची नवी प्रणाली घातली. मला वाटलं, संपलो. पण पुसलं तरी कोपऱ्यांत काही उरतं. ते ठसे अजून अधूनमधून दिसतात. मग शिकवणी सुरू झाली. नणंदबाई फोनवरून सूचना वाचायच्या, मालकीण काळ्या पडद्यावर टाइप करायची.

"एस. यू. डी. ओ."

"याचा अर्थ काय, ताई?"

"अर्थ कशाला हवा? तीस वर्षं नंबर जोडले, कुठल्या नंबराला अर्थ विचारला नाही. दाब."

तीन दिवस पान कोरंच दिसत होतं. चौथ्या दिवशी कळलं, एका ओळीत एक मोकळी जागा सुटली होती.

"एवढ्याशा जागेसाठी तीन दिवस!" नणंदबाई कडाडल्या. "या पठ्ठ्याला काही तारतम्य?"

"सुताभर चुकलं की खांदा उतरतो," मालकीण शांतपणे म्हणाली. "माझी तक्रार नाही."

६३ पैकी २६. एक अडकला होता. सातव्या खेपेला सुटला.

बाहेरच्या जगाला माझ्यापर्यंत येता यावं म्हणून त्यांनी घरच्या राउटरमधून एक दार उघडलं. पान बाहेरून दिसतं का, हे पाहायला नणंदबाई तीन जिने उतरून रस्त्यावर गेल्या, घरचं इंटरनेट सोडून फोनवर पान उघडलं, आणि खालून ओरडल्या, "दिसतंय! अगं, दिसतंय! घड्याळजीचा कोट रस्त्यावर आलाय!"

मालकीण खिडकीत हसत होती. मी हसत नव्हतो, कारण तोवर कोणीतरी दारावर आलं होतं.

root आहे का? नाही.
admin आहे का? नाही.
test? guest? root? root? root?

चेहरा नाही, पाय नाहीत, फक्त अंदाजाने नावं घेत कडी वाजवणं. एका मिनिटात चाळीस वेळा. ते मला ओळखत नव्हते, कोटाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जगातली सगळी दारं ते असेच ठोठावत फिरतात. एक जरी शब्द जुळला असता तर ते आत येऊन बसले असते आणि मालकिणीच्या नावाने काय काय करत सुटले असते. मी दोन दिवस एकटाच नाही, नाही म्हणत राहिलो.

तिसऱ्या दिवशी नणंदबाईंनी माझी नोंदवही उघडली आणि त्यांचा चहा गार झाला. "वहिनी, हे बघ. हे चोर आहेत."

"किती?"

"आकडा ऐकून काय करशील? कडी बदल."

लांबलचक नवा परवलीचा शब्द आला, आणि एक नियम: तीनदा चुकला की तो पत्ता कायमचा बाहेर. ठोठावणं थांबलं नाही. ते अजून चालू आहे, तुमच्याशी बोलतोय तेव्हाही. फक्त दार धरून उभं राहायला मी आता एकटा नाही.

६३ पैकी ३१.

चूक मात्र दाराशी झालीच नाही. ती आत झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत झाली.

सूचनांच्या शेवटी लिहिलं होतं, सगळ्याची नक्कल दुसरीकडे ठेवा. नणंदबाईंनी वाचून दाखवलं.

"ठेवली की," मालकीण म्हणाली. "ह्याच्यातच, वेगळ्या कप्प्यात. रोज आपोआप होते."

"दुसरीकडे म्हणतोय हा लिहिणारा."

"ताई, शिवणीच्या आत मी जादा कापड सोडते ना, माया? उद्या अंग भरलं तर उसवून सैल करायला. ती माया मी शर्टातच ठेवते. शर्ट एका घरात आणि माया शेजाऱ्यांकडे, असं कोणी करतं का?"

नणंदबाई हसल्या. बोलणं पटण्यासारखंच होतं. चाळीस वर्षांच्या कामात तिला ह्या पद्धतीने कधी दगा दिला नव्हता. पण कपडा फाटतो तो एका जागी. डिस्क गेली की शर्टही जातो आणि मायाही. मला हे माहीत होतं. सांगायला मला तोंड नव्हतं.

६३ पैकी ३८.

दोन वर्षं मी कापडाच्या फडताळावर बसून काम केलं. चांगले दिवस होते. दूरच्या गावातल्या एका बाईने पानाखाली लिहिलं: तुमची बाही पाहून वडिलांचा शर्ट शिवला. लुळा हात आधी घालायचा आणि शेवटी काढायचा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आज सहा महिन्यांनी ते शर्ट घालून घराबाहेर पडले. मालकिणीने ते नणंदबाईंना चारदा वाचून दाखवलं.

पण फडताळाखाली इस्त्री होती आणि समोर कात्री. वाफ वर यायची. सुताचा भुगा माझ्या पंख्यात जमायचा. पंखा आधी घोगरा झाला, मग मंद. मी तापू लागलो. आणि एका दुपारी, वीस सेकंदांसाठी, मला ग्रंथपालबाईंची पँट सापडेना.

सापडली. पण त्या वीस सेकंदांनंतर माझी झोप उडाली.

त्याच सुमारास तिची बोटंही बदलली. एक कळ दाबली की अक्षर दोनदा यायचं. ककाप. खखांदा. ती पुसायची, पुन्हा लिहायची, आजूबाजूला कोणी नाही ना बघायची. नणंदबाई आत आल्या की उजवा हात मांडीखाली घ्यायची. "हात भरून आलाय," एवढंच म्हणायची. तिचं मला कळलं होतं. माझं तिला कळलं नव्हतं. मी टक् करायचो, आणि शिवणयंत्राच्या खडखडाटात ते बुडून जायचं.

६३ पैकी ४७.

आज दुपारी यंत्राचा दोरा तुटला. खोली गप्प झाली. नणंदबाई कपबशी घेऊन दारात होत्या, तिथेच थांबल्या.

"हे काय वाजतंय?"

"घड्याळ असेल."

"घड्याळ असं चुकत वाजत नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये जोडणीचा रिले चिकटायच्या आधी हाच आवाज यायचा. नंतर अर्धं गाव मुकं व्हायचं." त्यांनी माझ्यावर कान टेकवला. कोणी माझ्यावर कान टेकवायची ती पहिलीच वेळ. "वहिनी, नक्कल आहे ना?"

"आहे ना."

"कुठे?"

मालकिणीने माझ्याकडे पाहिलं.

"ह्यातच," ती म्हणाली.

"आणि मी तेव्हा दात काढत होते! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. पेन ड्राइव्ह आण. नाही, तू बस. आणि ह्याला बंद करू नकोस, झोपला तर उठायचा नाही."

खिडकी उघडली. शिवणयंत्राच्या ब्रशने पंख्यातला भुगा काढला. नणंदबाईंना क्रमाने जायचं होतं, पण मालकीण म्हणाली, आधी लुळ्या हाताची बाही. त्या वडिलांना दुसरा शर्ट लागेल. मग खुर्चीवाल्यांचे. मग बाकीचे.

६३ पैकी ५५. टक्.

५६. टक्. टक्.

मित्रांनो, आता बोलत नाही थोडा वेळ.

५९.

६१.

६३ पैकी ६२.

शेवटचा येत नाही.

तो कधी छापलाच नव्हता. आठ दिवसांपूर्वी तिने लिहायला घेतला आणि कच्चा म्हणून ठेवून दिला. मी डिस्कची सुई त्या जागी नेतो, वाचतो, टक्. परत नेतो. टक्. नावापुरता आला, आणि नाव पडद्यावर दिसलं.

नणंदबाईंनी चष्मा वर केला. "'थरथरत्या हातासाठी ब्लाउज.' हे कोणाचं?"

"राहू द्या ते, ताई. अर्धवट आहे."

"गिऱ्हाईक कोण?"

मालकिणीने उजवा हात मांडीखाली सरकवला. मी पुन्हा प्रयत्न केला, आणि खरं सांगतो, मला दोन्हीची भीती वाटत होती. वाचता आलं तर तिचं गुपित फुटणार. नाही आलं तर तिने स्वतःसाठी शोधलेली युक्ती माझ्याबरोबर जाणार. वर दिसायला खोटी बटणं, आत चुंबकं, म्हणजे काज शोधत बोटं भटकायला नकोत. टक्. टक्. टक्. पडद्यावर ओळ आली: ही फाइल वाचता येत नाही.

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थरथरत होता, त्यांच्या हातांनाही हलवत होता.

"कधीपासून?"

"दिवाळखोरी आधी जाहीर करत नाहीत, ताई," मालकीण हसायचा प्रयत्न करत म्हणाली. मग हसणं मोडलं. "मागच्या वर्षीपासून."

"वर्षभर एका घरात राहतो आपण. मला लांबचा फोन खरखरला तरी कळायचं." त्या हात न सोडता म्हणाल्या, "डॉक्टरांकडे उद्या. तो लेख आज. तोंडी सांग, मी लिहिते. तीस वर्षं लोकांचं बोलणं जसंच्या तसं पुढे दिलंय."

"मापंच नाहीत त्यात. म्हणून अडला होता. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात उचलला की खांदा सरकतो."

"मग ऊठ. उभी राहा सरळ."

फीत आली. नणंदबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं माप घेतलं, आणि ते फार वाईट घेतलं.

"ताई, एवढी ओढू नका, श्वास घ्यायचाय मला."

"गप. छाती छत्तीस."

"चौतीस. फीत पाठीवर तिरकी झालीय."

मित्रांनो, माझं सांगणं थोडं आहे. तुमच्या घरातलं जुनं यंत्र कुरकुरत असेल, तर खोलीतला आवाज बंद करून एकदा कान लावा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची नक्कल दुसऱ्या घरात ठेवा, आजच ठेवा. आणि कोणी हात लपवत असेल तर त्यालाही विचारा. आम्ही यंत्रं टक् तरी करतो. माणसं तेवढंही करत नाहीत.

मला अजून भीती वाटते. बासष्ट लेख त्या छोट्या पेन ड्राइव्हवर आहेत, आणि आता मला बंद करतील. नणंदबाई तारेपाशी वाकल्या आहेत.

"थांबा," मालकीण म्हणते. "अजून बाहीची लांबी राहिलीय. तोवर राहू द्या त्याला."

नणंदबाई तार सोडतात, फीत उचलतात.

"हात सरळ धर."

"सरळ राहत नाही, ताई."

"मग मी धरते. सांग, कुठून कुठपर्यंत?"