मुतलकच्या गच्चीवर शांतता

सरहद्दीलगतच्या रमथा गावातल्या त्या गल्लीत बारावीचा निकाल कुणी वाचत नसे, तो ऐकू येत असे. ज्याच्या गच्चीवरून बार उडाले, त्याचं पोर पास. ज्याचं दार गप्प राहिलं, तिथं शेजाऱ्यांनी दुपार टळल्यावर दबक्या पावलांनी जायचं, कडू कॉफी प्यायची आणि पुढच्या वेळी होईल म्हणून सांगायचं. गल्लीत सगळ्यांत दणक्यात बार उडवायचा तो मुतलक. लग्न असो, मूल जन्मलेलं असो, कुणी हजहून परतलेलं असो, याचा जीव बंदुकीपाशी धाव घ्यायचा. आनंद चार गल्ल्यांना ऐकू गेला नाही तर तो झालाच नाही, असं त्याचं साधं गणित होतं.

एके काळी तो टॅक्सी घेऊन रोज दमास्कसला जायचा. अशा ये-जा करणाऱ्यांना रमथात खलाशी म्हणतात, गावाला समुद्र औषधालाही नसताना. मग पलीकडे दरआ शहरात लढाई पेटली, सरहद्दीवरचा नाका बंद झाला आणि खलाशाची गाडी दारात धूळ खात उभी राहिली. पलीकडचे तोफगोळे फुटले की अलीकडे काचा थरथरत, कपाटातली भांडी वाजत. कधी एखादा गोळा वाट चुकून या बाजूलाही पडे. तरी गल्ली म्हणे, लढाई तिकडे आहे, आपल्याला काय झालंय? ज्यांची घरं पडली ते शेजारच्या शेतांत तंबू ठोकून राहत होते. त्यांच्यासमोर आपण घाबरलो म्हणायला लाज वाटायची, आणि ती लाजच सगळ्यांची तोंडं बंद करून बसली होती.

रुबा मुतलकच्या वारलेल्या भावाची मुलगी. ती आणि तिची आई सबहा त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत. सबहाचं माहेर पलीकडचं, दरआचं. रुबा अभ्यासात पुढे, तिला औषधशास्त्र शिकायचं होतं, आणि मुतलकनं ती पास व्हायच्या आधीच तिला डॉक्टर करून टाकलं होतं. भेटेल त्याला तो सांगायचा, यंदाचा निकाल दमास्कसपर्यंत ऐकू जाईल.

परीक्षेला महिनाभर उरला असताना शाळेतून बोलावणं आलं. समुपदेशक बाई, मिस इख्लास, टेबलापाशी बसल्या होत्या. रुबानं सराव परीक्षेचे सगळे पेपर कोरे दिले होते. नाव घालून, समास आखून, कोरे.

मुतलकला आधी खरंच वाटेना. मग तो म्हणाला की नजर लागली असेल, पोरीचं कौतुक मीच फार करतो. मिस इख्लासनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती झोपते कुठे?"

"घराच्या आतल्या बोळात. तिथं गार वाटतं म्हणते."

"माझ्या निम्म्या मुली आतल्या बोळात झोपतात," बाई म्हणाल्या. "घरी सगळ्या गार वाटतं असंच सांगतात. बोळाला खिडकी नसते, म्हणून झोपतात."

बाईंनी पुढे सांगितलं की बाक सरकला तरी या मुली दचकतात, कुणाचे केस गळतात, कुणाला वाचलेलं आठवत नाही, आणि विचारलं तर जी ती म्हणते, मिस, मला काय होणार, लढाई तर तिकडे आहे. पण रुबाचं वेगळं होतं. तिला सगळं येत होतं. फळ्यावर विचारलं तर ती धडाधडा सांगायची. तिला लिहायचं नव्हतं, आणि का ते ती बाईंना सांगत नव्हती. खऱ्या परीक्षेतही ती असंच करणार, अशी बाईंची धास्ती होती. तसं झालं असतं तर कॉलेज गेलं असतं आणि पोरगी त्या बोळातच राहिली असती.

शाळा सुटल्यावर मुतलकनं तिला गाडीत बसवलं. घराकडे न वळता तो गावाबाहेर ऑलिव्हच्या बागांकडे गेला आणि झाडांच्या सावलीत गाडी उभी केली. रस्ताभर त्यानं रागाची जुळवाजुळव केली होती. चांगला फैलावर घ्यायचा बेत होता. पण तिच्याकडे पाहिलं आणि त्यानं हळूच विचारलं,

"कोरे पेपर का दिलेस, पोरी?"

ती नखं खुडत राहिली. "अम्मो," ती म्हणाली; काकाला ती अशीच हाक मारायची. "मी पास झाले की तुम्ही गच्चीवर जाणार."

मुतलकला हसू आलं. अर्ध्यातच ते विरलं. दोन वर्षांपूर्वी, आता बाहेरगावी शिकणारा रुबाचा थोरला भाऊ पास झाला तेव्हा त्यानं गच्चीवर अख्खी बंदूक रिकामी केली होती, आणि खाली आल्यावर रुबा सापडेना. शेवटी ती सापडली न्हाणीघरात, कपड्यांच्या पेटाऱ्यात, कानांवर हात दाबून. सगळे पोट धरून हसले. नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बैठकीत मुतलकनं ती गोष्ट रंगवून सांगितली, पेटाऱ्यात कशी बसली होती त्याची नक्कल करून. रुबाही तेव्हा हसायची. आता त्याला आठवलं, ती हसायची आणि लगेच उठून जायची.

"तिकडचा आवाज मी सोसते," ती म्हणाली. "तो कुणी माझ्यासाठी करत नाही. पण त्याच आवाजानं तुम्ही माझं कौतुक करणार. पलीकडे आजी तोच आवाज ऐकून जिन्याखाली बसते, अम्मो. मला नको ते. त्यापेक्षा नापास बरी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती खूश होता."

मुतलकनं स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. जगात सगळ्यात जास्त जीव ज्या पोरीवर, तिलाच आपल्या आनंदाची भीती वाटावी, हे त्याला पचायला जड गेलं. शेवटी तो म्हणाला की गावाचे हात मी धरू शकत नाही, पण आपल्या गच्चीवर एकही बार उडणार नाही. भावाच्या कबरीची शपथ घेतली. रुबा म्हणाली, मग गल्ली म्हणेल मी नापास झाले.

"म्हणू दे."

"तुम्हाला सोसेल?"

"ते माझं मी बघतो. तू पेपर लिही."

तिनं पेपर लिहिले. मिस इख्लासकडे आठवड्यातून एकदा जाऊन बोलू लागली. बोळातली गादी मात्र तिथंच राहिली, आणि ती उचल असं कुणी म्हटलं नाही.

निकालाच्या दिवशी सकाळपासून गावात बार सुरू झाले. रुबाचा निकाल आला तेव्हा सबहानं तोंडावर ओढणी दाबली, तिची आनंदाची ललकारी आतल्या आतच राहिली. पोरगी नुसती पास नव्हती, औषधशास्त्र पक्कं होतं. मुतलकनं कुनाफ्याचं, पाकातल्या मिठाईचं, अख्खं ताट आणून आत लपवलं, खुर्ची घेऊन दारात बसला आणि तोंडाला कुलूप घातलं. खरं सांगायची सोय नव्हती. इथली रीतच अशी की बातमी कळताच शेजारी मान म्हणून तुमच्या दारात स्वतःचं पिस्तूल झाडणार, आणि शेजारच्या अबू नायेफचं तर कायम कमरेलाच असायचं.

दुपारी अबू नायेफ आलाच, दबक्या पावलांनी. मुतलकच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यानं उसासा टाकला, कडू कॉफीचे दोन घोट घेतले.

"मनाला लावून घेऊ नकोस, मुतलक. तू जरा आधीच डंका पिटून ठेवला होतास, तेवढंच चुकलं."

"चुकलं खरं."

"मुलीची जात. चांगलं स्थळ बघ आणि मोकळा हो."

मुतलकची कानशिलं तापली. आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते आज मूग गिळून ऐकत होता. "बघू," एवढंच तो म्हणाला. वर खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण त्यानं मान वर केली नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. रुबा बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता, लांब कुठेतरी बार उडत होते, आणि हातात कुनाफ्याची थाळी होती. तरी ती थेट अबू नायेफच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तोंड गोड करा, अम्मो. मी पास झाले. इर्बिदच्या कॉलेजात औषधशास्त्राला जाणार."

अबू नायेफ ताडकन उठला. तोंडभर हसू, आणि उजवा हात सवयीनं कमरेकडे निघाला. मुतलक खुर्चीतून अर्धा उठला, पण तोवर रुबानं अबू नायेफच्या त्याच हातात थाळी ठेवली होती.

"दोन्ही हातांनी धरा," ती म्हणाली. "पाक गरम आहे, सांडेल."

त्यानं दोन्ही हातांनी धरली. गोंधळून एकदा थाळीकडे, एकदा मुतलककडे पाहिलं. बार कधी उडवायचा, असं त्यानं विचारलं.

"उडवायचा नाही," रुबा म्हणाली. "मला भीती वाटते."

गल्लीत हे वाक्य एवढ्या उघडपणे आजवर कुणी बोललं नव्हतं. अबू नायेफ थाळी धरूनच पायरीवर बसला. त्याची धाकटी नातही रात्री बोळातच झोपते, तिथं गार वाटतं म्हणून, असं त्यानं हळूच सांगितलं, आणि मुतलकनं त्याच्यासाठी दुसरी खुर्ची जवळ ओढली.