हर्षदचा दुसरा ढोल

मी गोमाजीचा ढोल. आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाडीत शिमग्याला पालखी नाचते ती माझ्या तालावर. आज बोलतोय तो रागाने. एका परक्या ढोलाने माझा हर्षद पळवलाय!

हर्षद गोमाजीचा मुलगा. त्याचा हात माझ्यावरच बसला. पुढे तो महाडच्या कारखान्यात लागला आणि कंपनीने त्याला दोन वर्षं जपानला धाडलं. आधी गेलेला माणूस अर्ध्यातूनच परत आला होता. हर्षदचंही तेच होणार असं दिसत होतं.

पडवीत टांगलेला असल्यामुळे मला त्याचा फोन ऐकू यायचा, फोनवर तो दिसायचाही. बायकोला, निशिगंधाला, म्हणायचा, "काम जमतंय गो, माणसं नाय जमत. सुटलो की खोलीत एकटाच. साहेब परत पाठवतील बहुतेक."

ती डोळे पुसायची. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. येऊ दे परत, माझाच आहे तो!

पण निशिगंधा गप्प बसते होय? म्हणाली, "तिथं सणवार नाय काय? जाऊन बघा तरी."

गेला. मग फोनवर सांगत होता, तिथल्या जत्रेत त्याच्या कामावरचीच माणसं ढोल वाजवत होती. त्यांनी यालाही बोलावलं. आवाज बसका वाटला म्हणून या शहाण्याने तो ढोल उचलून थेट तिथल्या एका शेगडीपाशी नेला, कातडं ताणायला मला होळीवर शेकवतो तसा! सगळे ओरडत धावले. त्यांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं, शेकलं तर तडकायचं. मी म्हटलं, बरी खोड मोडली, आता हाकलतील.

कसलं काय! पोट धरून हसले मेले. तुमच्याकडे का शेकवतात, विचारू लागले. हर्षद खाणाखुणा करून होळी, पालखी सगळं सांगत बसला. तेव्हापासून त्याचं बस्तान बसलं. कामावरही अडलं की तो त्यांना विचारतो, ते त्याला. साहेब खूश.

आणि मी धूळ खातोय. फोनवर तो त्या मेल्याला बडवताना दिसला की माझा नुसता जळफळाट होतो.

परवा म्हणाला, "आबा, आपली पालखीची चाल वाजवा ना. इथल्या लोकांना शिकवायचीय, नि मधलं मीच विसरलोय."

विसरला! मी ठरवलं, तोंडच उघडायचं नाही. पण गोमाजीने मला चुलीपुढे शेकवलं, "बोल रे बाबा, पोराला हवायस तू," म्हणाला, आणि थाप मारली. राहवेना. बोललो.

थोड्या वेळाने फोनमधून तीच चाल आली, त्या परक्याच्या पोटातून. गोमाजीचे पाय हलायला लागले. निशिगंधा हसता हसता रडली.

माझी जळजळ थांबली का? मुळीच नाय. हर्षदा, चाल दिलीस त्याला, दे. पण शिमग्याला घरी ये. पालखी मी कुणाला देणार नाही.