गाजरांची विरळणी

खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती बाल्कनीतल्या टबापाशी उकिडवी बसली आणि तिने पहिलं रोप उपटलं. मग दुसरं, तिसरं. दिवसभर कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणारी तिची बोटं अजून थांबायला तयार नव्हती. गाजराची कोवळी रोपं डोक्यावरच्या केसांसारखी दाट उगवली होती. पाकिटावर तर स्वच्छ लिहिलं होतं, दोन-दोन बोटांच्या अंतरावर एकेकच रोप ठेवावं, नाहीतर गाजर पोसत नाही. तीन आठवडे ती ही दाटी येता-जाता बघत होती आणि येता-जाता चिडत होती.

बागकामातलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. सात महिन्यांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. पाय सावरला, हात मात्र अडून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, मातीत हात घालू द्या, काहीतरी पेरा. मग कपडे भिजवायच्या जुन्या टबाला भोकं पाडून तिने माती भरून दिली. पेरताना पाकीट उजव्याच हातात धरायचा त्याने हट्ट केला आणि अर्धंअधिक बी एकदम सांडलं.

“हात घसरला,” तो म्हणाला होता.

तिने मुकाट्याने वरून माती सारली होती. बोलायलाही त्राण लागतं. सकाळी त्याच्या शर्टाची सहा बटणं, दोघांचा स्वयंपाक, पावणेसातची बस. संध्याकाळी सुजलेल्या पायांनी परत आलं की पुन्हा तीच सहा बटणं, काढायला. घरात कुठलंही नवं काम निघालं की तिच्या तोंडी एकच वाक्य यायचं, मला कुठे वेळ आहे. ते खोटंही नव्हतं. नवऱ्यावर तिचा जीव होता, पण अलीकडे तो जीवही दमला होता.

दहा मिनिटांत टब मोकळा झाला. चाळीसेक रोपं ऐसपैस उभी राहिली आणि बाकीच्यांचा वर्तमानपत्रावर ढीग झाला. कितीतरी दिवसांनी एखादं काम हातावेगळं झाल्यासारखं तिला वाटलं.

नवरा भिंतीला धरून दारात आला. त्याने टबाकडे पाहिलं, मग कागदावरच्या ढिगाकडे.

“सगळी काढलीस?”

“मग काय करायचं? कधीची दाटी झाली होती. तुम्ही तर हातही लावेनात.”

“हं,” तो म्हणाला. “बरं झालं.”

आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जेवताना त्याने चमचा डाव्या हातात घेतला. गेले काही दिवस तो उजव्याने खायची धडपड करायचा, शर्टावर डाग पाडायचा आणि ती वैतागायची. आज शर्ट स्वच्छ राहिला. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. भाजी निवडायला बसली तर चष्म्याची एक दांडी निखळली. पूर्वी असली कामं नवरा बोलता बोलता करायचा. आता त्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं. तो अंघोळीला गेलाय असं पाहून तिने बारका स्क्रू ड्रायव्हर शोधायला त्याच्या टेबलाचा खण उघडला.

वरच त्याचा चोवीस कप्प्यांचा ट्रे होता. घड्याळ उघडलं की स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एकेका कप्प्यात ठेवायचे, ही त्याची तीस वर्षांची शिस्त. आज त्यात स्क्रू नव्हते. वाळलेली रोपं होती.

पहिल्या कप्प्यात नुसता चिरडलेला पाला. दुसऱ्यात, तिसऱ्यात तेच. चार-पाच रोपं एकदम ओरबाडलेली, मुळं तुटलेली. आठव्यात तीन रोपं. बाराव्यात दोन. ती ट्रे डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. सतराव्यात एकच रोप होतं, पण मधूनच तुटलेलं. एकोणिसाव्यातही एकच, आणि ते केसाएवढ्या मुळासकट अख्खं होतं. शेजारी नवऱ्याचा कामाचा चिमटा ठेवलेला होता. रोजचा एक कप्पा, उजव्या हाताचा. पुढचे पाच कप्पे रिकामे होते.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. तिने ट्रे होता तसा ठेवला आणि खण लावला. तिला स्वतःच्या चपळ बोटांची लाज वाटली.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला, तेव्हा ती बाल्कनीत एका तडा गेलेल्या बादलीत माती भरत होती. पाकिटात उरलेलं सगळं बी तिने मधोमध ओतलं.

“अगं, एवढं दाट?”

“हात घसरला.”

त्याने तिच्या नाकावर लोंबणाऱ्या एका दांडीच्या चष्म्याकडे पाहिलं, मग वळून आतल्या टेबलाच्या खणाकडे पाहिलं.

“उगवल्यावर विरळणी कोण करणार?” त्याने विचारलं.

गुडघ्यांवर हात टेकून ती सावकाश उठली.

“मला कुठे वेळ आहे,” ती म्हणाली.