हारूच्या अंगणावरून

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. नेमके सांगायचे तर अर्धे ताडाचे झाड. एके काळी मी पाथरडुंगरीच्या उतारावर चाळीस हात उंच उभा होतो. खाली कुसुमडी गाव होते. धरणाचे पाणी चढू लागले तरी गाव उठेना, तेव्हा शिपाई आले. लखिंदर धीवर त्या वेळी आठ वर्षांचा होता. त्याच्या बापाच्या पाठीवर दोन लाठ्या मोडलेल्या मी वरून पाहिल्या. आई पोटुशी होती. तिला ओढत बैलगाडीत बसवले. महिनाभरात गाव बुडाले. मनसादेवीच्या देवळाचा कळस तेवढा पाण्यावर राहिला.

मोठेपणी लखिंदरने मला तोडले. आडवा पाडून, अकरा पाचरी ठोकून उभा चिरला आणि दोन्ही अर्धे पोखरून दोन डोंगे केले. एक मी. दुसरा माझा जुळा भाऊ. तो त्याने धाकट्या भावाला, फटिकला दिला.

वल्हवणारा सोडून माझ्यात दोनच माणसे मावतात आणि उभे कोणी राहायचे नसते. बूड गोल, त्यामुळे मी लगेच कलंडतो. तरी डोंगर, पडका गड आणि धरण पाहून झाले की पाहुणे देवळासाठी माझ्याकडे येत. लखिंदर त्यांना बुडालेल्या गल्ल्यांतून नेई. कळस आणि गडाचा बुरूज एका रेषेत आले, की खाली हारूचे अंगण.

"पाय वर घ्या, बाबू," तो म्हणे. "हारूचं कुत्रं चावरं होतं!"

पाहुणे खूप कौतुक करत. मला अभिमान वाटे.

फटिकला हा नकाशा येत नव्हता. गाव बुडाले तेव्हा तो आईच्या पोटात होता. तो खाणीतून चोरलेले सुरुंग पाण्यात टाकून मासे मारी. पाणी दाबले जात नाही, म्हणून धक्का त्यातून जसाच्या तसा पसरतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. शेकडो मासे पांढरी पोटे वर करून तरंगत. माझ्या लाकडालाही दर वेळी चीर पडे. देऊळ तर चुना न घालता, दगडांच्या नुसत्या वजनावर उभे होते. लखिंदरला त्याचीच भीती होती. गावाची तेवढीच खूण उरली होती.

चैत्रात पाणी उतरले. शेफाली दिदिमोनी, शाळेतल्या बाई, फीत घेऊन कळस मोजायला माझ्यात बसल्या होत्या. पलीकडे फटिकने वात पेटवली.

"फटिक, मागे हो! मंडपावर आहेस तू!"

"मला पाणीच दिसतं, दादा. तुझा मंडप तू सांभाळ."

"खाली दोन हातांवर छत आहे, गाढवा! टाकू नको!"

"दिदिमोनी, कान झाका! दादाच्या देवीला शिंक येतेय!"

एरवी सुरुंग पंधरा हात खाली जाऊन फुटे. आज तो छतावर टेकला. पाण्याचा खांब उसळला, त्यातून दगडांचे तुकडे सुटले. माझ्या जुळ्या भावाच्या चिरफळ्या उडाल्या. मग कळस कलला आणि एकेक दगड सोडत पाण्यात कोसळला. लखिंदरने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने उडी घेतली होती.

त्याने फटिकला ओढत आणून माझ्यात चढवले. फटिकचा उजवा हात कोपराखाली उरला नव्हता. दिदिमोनी घाबरून उठू लागल्या, मी कलंडू लागलो.

"बसा!" लखिंदर पाण्यातून ओरडला. "आधी हात बांधा त्याचा!"

त्यांनी मोजायची फीत दंडाला करकचून आवळली. फटिक आडवा पडल्यावर तिसऱ्याला माझ्यात जागा नव्हती. म्हणून लखिंदर माझे टोक धरून पोहत राहिला, मला ढकलत राहिला, तांबड्या पाण्यातून आणि मेलेल्या माशांतून. फटिक पुटपुटत होता, "दादा, कुठं आलो?"

"हारूच्या अंगणात. डोळे मिटू नको. आता विहीर येईल."

पुढचे सगळे लखिंदरने अंदाजानेच सांगितले. रेषा जुळवायला कळस होता कुठे? पण काठ येईपर्यंत तो एकेक घर सांगत राहिला आणि फटिक जागा राहिला.

मित्रांनो, आता माझ्या चिरांत डांबर भरले आहे. माझ्यात याल तेव्हा खाली बसा. पाण्यात काही टाकण्याआधी तळाशी काय आहे, ते तिथल्या माणसाला विचारा. आम्हा लाकडा-दगडांना ओरडून सांगता येत नाही, आणि तुटलो की परत रुजताही येत नाही.

हल्ली पाहुणा एकच असतो, कारण पुढे फटिक बसतो. त्याने भावाकडून सगळे गाव पाठ केले आहे. डाव्या हाताने दाखवत तो सांगतो, "हे हारूचं अंगण. ही विहीर." देवळापाशी आलो की लखिंदर वल्हे थांबवतो. फटिकच वाकून पाण्यात बघतो.

"इथं मंडप," तो म्हणतो. "आणि इथं माझा हात."