कागदांखालचा भागाकार

मित्रांनो, मी शाळेचा जुना फळा आहे, पण गेली चार वर्षं माझा काळा रंग कुणी पाहिलाच नव्हता. माझ्या अंगावर कागद डकवलेले. एक अभ्यासक्रम यायचा, त्याचे तक्ते खळीने डकवायचे. दुसरा आला की त्याचे त्यावर. जीव गुदमरून गेला होता, म्हणून आज थोडा चिडूनच बोलणार आहे.

पेरूच्या उंच पठारावरच्या चाल्यापाता गावाने मला घडवलं. निलगिरीच्या फळ्या, मेंढीच्या खुरांचा सरस आणि घरोघरच्या चुलीवरून खरवडून आणलेली काजळी. सगळं गाव एक दिवस माझ्यासाठी राबलं. "ह्या फळ्याला आपल्याच भांड्यांचा वास येतो," असं बायका म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

जुने दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. तेओफिलो गुरुजी पाढे चोख करून घेत. त्यांच्या मुलांना बाजारात कुणी फसवू शकत नसे. पण वर्गात फक्त स्पॅनिश चाले. घरची केचुआ तोंडातून निसटली की पोराला माझ्यावर नाक टेकवून उभं करत. सातुर्निना नावाच्या मुलीने एकदा केचुआत पाणी मागितलं आणि अख्खी दुपार ती माझ्यापुढे उभी राहिली. तिचे ऊन श्वास मला लागत होते. तिसरीनंतर ती शाळेत आलीच नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

पुष्कळ वर्षांनी सुधारणा आली. एर्मेलिंदा बाई आल्या आणि त्यांच्या नव्या पुस्तकात चक्क केचुआ होती. त्यांनी माझ्यावर बटाटे काढले आणि शिकवायला बोलावलं कुणाला, तर त्याच सातुर्निनाला. आता तिची मुलगी नेलिदा त्या वर्गात शिकत होती. कडाक्याच्या थंडीत बटाटे माळावर गोठवायचे, पायांनी तुडवायचे, वाळवायचे, की झाला चुन्यो. पाच पोती बटाट्यांचा एक पोतं चुन्यो होतो. सातुर्निनाने तो हिशेब खडूने मांडला आणि मुलांना भागाकार त्या दिवशी कळला. सुधारणेचं भलं मी असं जवळून पाहिलंय, म्हणून तर तिच्यावर इतका रागावतो.

कारण पुढच्याच वर्षी सुधारणेची सुधारणा आली, मग तिचीही. तो भागाकार न पुसताच त्यावर पहिला कागद बसला. बाई शिकवायच्या कमी आणि रकाने भरायच्या जास्त. यंदाची पुस्तिका समुद्रकाठच्या राजधानीत छापलेली. तिच्यात होतं: जून महिना, प्रकल्प, भाजीचा वाफा. आमच्या पठारावर जून म्हणजे ऐन हिवाळा. आणि नेलिदाला तर तालुक्याच्या निवासी शाळेत जायचं होतं. गावाला तिथं एकच जागा, आणि त्यासाठी प्रकल्पात 'अ' श्रेणी हवी.

"बाई, तुमच्या पुस्तकाला थंडी वाजत नाही वाटतं?" सातुर्निना दारातूनच म्हणाली. "ह्या हिवाची आम्ही वर्षभर वाट बघतो. पोरगी मला माळावर पाहिजे, बटाटे तुडवायला."

"मला काय कळत नाही, सातुर्निनाताई?" बाई म्हणाल्या. "मी पण ह्याच पठारावरची. पण तपासणीच्या साहेबांना वाफ्याचे फोटो हवेत."

"आई, मी नाही येत," नेलिदा म्हणाली. "माझी जागा जाईल."

रोपं हिवात टिकणार नाहीत हे तिघींनाही ठाऊक होतं, तरी वाफा लावला. नेलिदाने आपली घोंगडी रोपांवर पांघरली. हीव पडलं. माळावरचे बटाटे टणक गोठले आणि गाव खूश झालं. वाफ्यातली पानं मात्र काळी पडली.

आठवड्याने साहेब आले. "किती रोपं जगली?" त्यांनी नेलिदाला विचारलं.

"एक पण नाही. साहेब, जूनमध्ये इथं बटाटे गोठवतात, भाजी नाही लावत. चुन्यो कसा करतात ते सांगू?"

"ते ह्या प्रकल्पात नाही, बाळ."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याही हातात कागदच होता. 'हवामानाची समज' या रकान्यात त्यांनी तिला 'क' दिला. निवासी शाळेतली गावाची जागा यंदा रिकामी राहिली.

साहेबांची गाडी गेल्यावर नेलिदाने विचारलं, "बाई, म्हणजे मला हवामान कळत नाही?"

बाईंनी नखाने माझ्यावरच्या कागदांचा कोपरा उचकटला आणि जोरात ओढला. चार वर्षांचे थर एकदम निघाले. खाली सातुर्निनाचा भागाकार होता, पुसट, पण वाचता येण्याजोगा.

मित्रांनो, अभ्यासक्रम बदला, बदलायलाच हवेत. माझ्यावर नाक टेकवून कुणी रडावं असे दिवस मला परत नकोत. पण नवा कागद डकवण्याआधी खाली कुणी काय लिहिलंय, ते एकदा वाचत जा. आणि ज्या गावाच्या काजळीने फळा काळा झाला, त्या गावाला त्यावर थोडी जागा ठेवा.

नेलिदाने आईच्या अक्षरांखाली यंदाचा हिशेब मांडला. तीस पोती बटाटे, सहा पोती चुन्यो. उत्तर बरोबर होतं, पण ते लिहायला कुठल्याच कागदावर रकाना नव्हता.