तोंड दिसेपर्यंत घासलेली टाकी

इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतोय. जरा खाली. अजून खाली. चष्मा लावून काही उपयोग नाही, मी त्याच्याही आवाक्याबाहेरचा आहे. मी एक जिवाणू. मुक्काम : क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यामागची सांडपाण्याची टाकी, कोपऱ्यातला पाइप, वळणाची आतली बाजू.

माझं वय विचारू नका. आमच्यात कुणी जन्माला येत नाही. एकाचे मधोमध दोन होतात आणि दोघंही म्हणतात, "मूळचा मीच." त्यामुळे थोरला कोण आणि धाकटा कोण हे भांडणच नाही. मी 'मी' म्हणतो तेव्हा त्यात काही कोटी जण आले असं समजा.

आमचे पूर्वज कुणाच्या तरी बुटाच्या मातीतून या टाकीत पडले. इथे येणारं पाणी म्हणजे नळ आणि सायकलींचे दांडे मुलामा देऊन झाल्यावर धुतलेलं, पिवळंजर्द, जहाल. पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळे गेले. उरलेल्यांचंही काही खरं नव्हतं.

क्रोमचं ते विष फार लबाड. आम्हाला थोडं गंधक लागतं, ते आत घ्यायला अंगाला दार असतं. हे विष दिसायला हुबेहूब गंधकाच्या घासासारखं. दार उघडलं की पाहुण्यासारखं आत शिरतं आणि घरातलं एकेक सामान मोडायला बसतं. तुमच्याकडेही असे नातेवाईक येतात म्हणे.

मग आमच्यातल्या एकाची चूक झाली. दोन होण्याआधी आम्ही अंगातली सगळी माहिती उतरवून काढतो, आणि आमचं अक्षर काही फार चांगलं नाही. अशा लाखो चुका झाल्या, चुकणारे लाखो मेले, पण या एका चुकीमुळे अंगातला एक पंप आत आलेलं विष बाहेर फेकू लागला. याला हुशारी म्हणू नका. आम्ही मात्र म्हणतो.

तो पठ्ठ्या कंजूष नव्हता. त्याने शेजाऱ्याला चिकटून युक्तीची चिठ्ठी सरकवली, शेजाऱ्याने पुढच्याला. कोण कुठल्या कुळातला हे आम्ही विचारत बसत नाही. दुसऱ्या एकाकडून आणखी भारी चिठ्ठी आली : विषाचा ताठा उतरवायची. पिवळं विष तिच्यामुळे हिरवट, मवाळ होतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. नाहीसं होत नाही बरं का, जादू आम्हाला येत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून अंगाभोवती बुळबुळीत गोधडी विणली आणि टाकीच्या भिंतीवर संसार थाटला.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. तो काकांनी सोडवला, त्यांच्या नकळत.

काका म्हणजे इथले मुलाम्याचे कारागीर. तीस वर्षं एकच काम आणि एकच वाक्य : "तोंड दिसलं पाहिजे." नळावर स्वतःचं तोंड मिशीच्या केसांसकट दिसल्याशिवाय ते माल पुढे सोडत नाहीत. दिवसातून चार वेळा टाकीच्या कठड्यावर बसून चहा पितात आणि तळाशी उरलेला चहा, विरघळलेल्या बिस्किटासकट, टाकीत ओततात. कारखाना चालवणाऱ्या वहिनी कितीदा ओरडल्या, "काका, टाकी म्हणजे मोरी आहे का?" काकांनी ऐकलं नाही. काकांसारखा माणूस नाही.

आणि त्याच काकांनी आमचा घात केला.

पाणी तपासणाऱ्या मॅडम येणार असा निरोप आला. वहिनी म्हणाल्या, "सगळं नीट आवरून ठेवा." काकांच्या शब्दकोशात 'नीट' याचा एकच अर्थ. ते टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश घेऊन आत उतरले आणि भिंतीवर तोंड दिसेपर्यंत घासत राहिले. सांडपाण्याच्या टाकीत तोंड बघायची हौस फक्त मुलाम्यावाल्यालाच असू शकते. मला अजूनही त्यांचा राग येतो. आमच्या कित्येक पिढ्या एका दुपारीत धुऊन निघाल्या. पाइपच्या वळणात ब्रश वाकला नाही, म्हणून आम्ही मूठभर उरलो. तुमची मूठ नव्हे, आमची.

दोन दिवसांनी मॅडम आल्या तेव्हा टाकी आरशासारखी होती आणि पाणी पिवळंजर्द.

"मागच्या वेळी तर चांगलं होतं," मॅडम म्हणाल्या. "काय बदललंत?"

"काही नाही हो. उलट घासून काढली," काका म्हणाले. "बघा की, तोंड दिसतंय."

मॅडमनी तोंड बघितलं नाही. पाइपच्या वळणात कापसाची काडी फिरवली, ती नळीत बंद केली आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत येते. तोवर बाहेरचा नाला बंद ठेवा. पाणी असंच राहिलं तर कुलूप लावावं लागेल."

काकांचं तोंड एवढंसं झालं. तीन दिवस त्यांना चहा गेला नाही. ते कप हातात धरून पाइपजवळ बसत आणि अख्खाच्या अख्खा चहा आत ओतून उठत. त्यांचं दुःख मला दिसत होतं, पण खरं सांगतो, इतकी चंगळ आमची कधी झाली नव्हती.

चौथ्या दिवशी ते उठले आणि एक लांब तार शोधून आणली. तिच्या टोकाला ब्रश बांधला, बादलीत पावडर कालवली. "पाइपमध्ये घाण राहिली असणार. तिथेच चुकलं माझं," ते पुटपुटले. तार पाइपमध्ये शिरली. आमच्या पंपाला पावडर कळत नाही. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात वहिनी फोन कानाला तसाच धरून धावत आल्या. "काका, थांबा! मॅडम म्हणतायत, त्या बुळबुळीला हात लावू नका. पाणी तीच साफ करत होती!"

"घाण? साफ?"

"हो! आणि विचारतायत, हिला खायला कोण घालत होतं?"

काकांनी आधी हातातल्या तारेकडे पाहिलं, मग कठड्यावरच्या रिकाम्या कपाकडे. तीस वर्षं ज्या गोष्टीचा त्यांनी तिरस्कार केला ती त्यांच्या पोटावर पाय येऊ देत नव्हती, आणि हे कबूल करायला माणसाला वेळ लागतो. मग त्यांनी तार सावकाश बाहेर ओढली आणि म्हणाले, "वहिनी, दोन कप चहा सांगा."

"दोन?"

"एक माझा."

आठव्या दिवशी मॅडम आल्या. टाकीच्या भिंती हिरवट, लिबलिबीत, बघवणार नाहीत अशा झाल्या होत्या. पाणी काचेच्या नळीत धरून त्यांनी उजेडात पाहिलं. पिवळेपणा नव्हता. "तळातला गाळ मात्र वेळच्या वेळी काढून आमच्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "भिंतीला हात लावायचा नाही."

त्या गेल्यावर काका कठड्यावरून वाकले. सवयच ती. भिंतीत तोंड दिसेना. त्यांनी मान इकडून तिकडे फिरवली, डोळे बारीक केले, काहीच दिसेना. मग हळू आवाजात, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ते आम्हाला म्हणाले, "झकास काम आहे."

काका, ऐकू जात असेल तर एवढंच सांगतो : कालच्या चहात साखर कमी होती.